खाचेच्या दोन भिंती : एस्किव्हेलची १९५८ची तबकडी ‘अदर वर्ल्ड्स, अदर साउंड्स’

तबकडीप्रेमी (धागाकर्ता)

आरसीए व्हिक्टर या अमेरिकन कंपनीने १९५८ साली काढलेल्या एका तबकडीविषयी येथे सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. तबकडीचे नाव ‘अदर वर्ल्ड्स, अदर साउंड्स’ आणि तिचा कर्ता मेक्सिकन संयोजक आणि पियानोवादक हुआन गार्सिया एस्किव्हेल. वेष्टनावर लाल वस्त्रांतली एक नर्तिका चंद्रासारख्या खडकाळ, ओसाड भूमीवर नाचताना दिसते. हे चित्र पाहून आत काहीतरी थिल्लर असणार असा ग्रह करून घेणारे पुष्कळ भेटतात. माझाही तसाच ग्रह झाला होता आणि तो बदलायला एक बिघडलेला हेडफोन कारणीभूत झाला.

झाले असे की, ही तबकडी मी प्रथम ऐकली तेव्हा माझ्या हेडफोनची डावी बाजू बंद पडलेली होती आणि मला ते ठाऊक नव्हते. कोणीतरी प्रश्न विचारावा आणि उत्तर येऊच नये, असे काहीसे मला सतत वाटत राहिले. पितळी वाद्यांचा झोत यायचा आणि मग जिथे त्याला काहीतरी प्रत्युत्तर असायला हवे होते तिथे पोकळी जाणवायची, दूरच्या खोलीत कोणी पुटपुटावे इतकाच आवाज यायचा. ‘विचित्र संयोजन आहे’ असे म्हणून मी ती बाजूला ठेवली. महिनाभराने वायरीला डाख लावून हेडफोन दुरुस्त केला आणि सहज पुन्हा ऐकली, तेव्हा लक्षात आले की मी आजवर अर्धाच संवाद ऐकत होतो. माझ्या ऐकण्यातल्या इतर कोणत्याही तबकडीची एक बाजू बंद पडली, तर संगीत किंचित पातळ होते, पण ते कळते. इथे ते कळेनासेच झाले होते. एखाद्या नाटकातल्या दोन पात्रांपैकी एकाचीच वाक्ये ऐकू यावीत, तसे.

माझे सगळे म्हणणे या एका अनुभवात आहे. एस्किव्हेलने स्टिरिओचा, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरांतून वेगवेगळा आवाज ऐकवण्याच्या पद्धतीचा, उपयोग सजावटीसाठी केलेला नाही. स्वर कोठून येतो, जवळून येतो की लांबून, डावीकडून येतो की उजवीकडून, ही गोष्ट त्याने सूर, ताल आणि वाद्याचा पोत यांच्या बरोबरीने रचनेत धरली आहे. म्हणून या तबकडीला शोभेची वस्तू न मानता रचनाकाराचे काम म्हणून ऐकावे, असा माझा आग्रह आहे.

एस्किव्हेलचा जन्म २० जानेवारी १९१८ रोजी मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरील तांपिको या बंदरगावी झाला. कुटुंब पुढे मेक्सिको सिटीत आले. पियानो तो बहुतांशी स्वतःच शिकला आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिथल्या ‘एक्सइडब्ल्यू’ या बलाढ्य आकाशवाणी केंद्रावर वाजवू लागला. विशीच्या आत तो त्याच केंद्रावर स्वतःचा वाद्यवृंद चालवत होता आणि विनोदी कार्यक्रमांतल्या प्रसंगांसाठी संगीत रचत होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आकाशवाणीच्या श्रोत्याला काहीच दिसत नाही. दार उघडले, कोणी घसरून पडले, कोणी दुरून चालत आले, हे सगळे आवाजानेच दाखवावे लागते. ज्याने वर्षानुवर्षे असे आवाजाने दाखवण्याचे काम केले, त्याच्या हाती चाळिशीत स्टिरिओ आला. त्याने विद्युत अभियांत्रिकीचेही शिक्षण घेतले होते, त्यामुळे ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री त्याला परकी नव्हती.

आता १९५८ हे साल पाहा. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला. त्याचा ‘बीप बीप’ हा संकेत जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी आपापल्या घरी ऐकला. ३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ हा उपग्रह अवकाशात गेला. नेमक्या याच काळात स्टिरिओ तबकडी व्यापारी पातळीवर बाजारात येत होती आणि दोन स्पीकरांचा संच घरी आणणाऱ्या माणसाला शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवण्यासारखे काहीतरी हवे होते. अंतराळ आणि स्टिरिओ या दोन नवलाईंची सांगड कंपन्यांनी धंद्यासाठी घातली, हे खरेच आहे. पण सांगड कोणी का घातली असेना, तिच्यातून एका कलावंताला जी जागा मिळाली तिचे त्याने काय केले, हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे.

तबकडीवर बारा रचना आहेत आणि त्यांतल्या बहुतेक त्या काळी प्रत्येकाच्या ओठांवर असलेली गाणी आहेत. कोल पोर्टरची ‘नाइट अँड डे’ आणि ‘बिगिन द बिगीन’, हॅरल्ड आर्लेनचे ‘दॅट ओल्ड ब्लॅक मॅजिक’, कुर्ट वाइलचे ‘स्पीक लो’, नॅट किंग कोलने १९४८ साली घरोघरी पोहोचवलेले ‘नेचर बॉय’, आणि शिवाय आगुस्तिन लाराचे ‘ग्रानादा’ व मारिया ग्रेवेरचे ‘मॅजिक इज द मूनलाइट’ ही दोन मेक्सिकन संगीतकारांची गाणी. ओळखीची गाणी घेण्यामागचे कारण उघड आहे. चाल श्रोत्याला आधीच पाठ असल्यामुळे ती पूर्ण वाजवण्याची गरजच उरत नाही. एस्किव्हेल चालीची ओळ मध्येच तोडतो. अर्धी ओळ पियानोला देतो, उरलेली अर्धी गायकवृंदाला देतो, एखादा स्वर कोणालाच देत नाही, आणि तो स्वर श्रोता मनातल्या मनात भरून काढतो. गायकवृंदाला शब्द क्वचितच मिळतात. ‘झू-झू’, ‘रा-रा’ अशी निरर्थक अक्षरे तो तालवाद्यासारखी म्हणतो. कुजबुजणारा पियानो आणि त्याच्या पाठोपाठ ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा अंगावर येणारा स्फोट, यांत कधी कधी एका मात्रेचेही अंतर नसते.

१९९४ साली निघालेल्या ‘स्पेस एज बॅचलर पॅड म्युझिक’ या संकलनामुळे एस्किव्हेल नव्या पिढीला पुन्हा सापडला. हे उपकार मोठे आहेत, कारण तोवर त्याच्या तबकड्या जुन्या बाजारात कवडीमोलाने विकल्या जात होत्या. मात्र त्या नावाने एक नुकसानही केले. ‘अविवाहित पुरुषाच्या खोलीत लावायचे संगीत’ असे एकदा म्हटले की, संगीत हे कोच, दिवा आणि पेयांचे कपाट यांच्या पंक्तीत जाऊन बसते. मला ते मुळीच मान्य नाही.

ज्यांनी ही तबकडी ऐकली आहे त्यांनी आपापले मत जरूर मांडावे.


स्वरलेखा

लेख मनापासून आवडला. श्रोत्याने स्वर भरून काढण्याचा मुद्दा वाचून आपल्याकडच्या बैठकीची आठवण झाली. तिथेही गायक बंदिशीचा मुखडा अर्ध्यावर सोडतो आणि समेची मात्रा तबला व श्रोते मिळून पूर्ण करतात. फरक इतकाच की, तिथे ते त्या क्षणी घडते आणि इथे आधी कागदावर लिहिलेले आहे.

एक शंका आहे. बारापैकी बहुतेक गाणी दुसऱ्यांची असतील, तर एस्किव्हेलला रचनाकार म्हणावे की संयोजक?


शांतश्रोता

लेखकाची तळमळ पोहोचली, तरीही मी नम्रपणे असहमत आहे. कोणी याला ऑर्केस्ट्रल जॅझ, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचे जॅझ, म्हणत असेल, तर जॅझचा प्राणच त्यातून काढून घेतलेला आहे, असे मला वाटते. जॅझ म्हणजे वादकाला त्या क्षणी सुचलेले. इथे एकाही वादकाला श्वास घेण्याची मोकळीक नाही. प्रत्येक ठोका लिहिलेला, प्रत्येक उसासा मोजलेला. दुसरे असे की, डावीकडून उजवीकडे आवाज फिरवणे हा त्या काळचा सर्रास चालणारा प्रकार होता. १९५९ साली इनॉक लाइट यांची ‘पर्सुएसिव्ह पर्कशन’ ही तबकडी आली आणि ती तुफान खपली. तिच्यात बाँगो एका कानातून दुसऱ्या कानात टेबल टेनिसच्या चेंडूसारखे टोलवले जातात. त्या तबकड्या आज कोणी संगीत म्हणून ऐकत नाही, स्पीकरची परीक्षा घेण्यासाठी वाजवल्या जातात. एस्किव्हेलचे काम त्याहून वेगळे कसे, हे लेखातून मला कळले नाही.

मी ही तबकडी दोनदा ऐकली आहे. दोन्ही वेळा स्वयंपाकघरात काम करताना. ती सतत मध्ये मध्ये किंचाळून लक्ष वेधून घेते, एवढेच माझ्या ध्यानात राहिले.


तबकडीप्रेमी

स्वरलेखा, आपली शंका रास्त आहे. माझ्या मते त्याला संयोजकच म्हणावे, पण संयोजन हे रचनेपेक्षा कमी दर्जाचे काम आहे हे गृहीत धरू नये. चाल लाराची आहे, पण ती कोणत्या वाद्याच्या तोंडून, किती लांबून, कोणत्या क्षणी तुटून यावी, हे ठरवणारा एस्किव्हेल आहे, आणि तबकडी वाजू लागल्यावर आपण जे ऐकतो त्याचा मोठा भाग या निर्णयांचाच असतो.

शांतश्रोता, आपला जॅझविषयीचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. उत्स्फूर्ततेला जॅझचे एकमेव लक्षण मानले, तर ही तबकडी त्यात बसत नाही, हे मी सरळ मान्य करतो. पण मोठ्या वाद्यवृंदाचे जॅझ पहिल्यापासून लिहिले गेले आहे. अमेरिकन वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन कोणत्या वादकाचा ट्रॉम्बोन कसा घोगरा लागतो हे ध्यानात ठेवून लिहीत असत आणि तसेच दुसरे वाद्यवृंदप्रमुख स्टॅन केंटन यांच्या पितळी वाद्यांच्या भिंती कागदावरच उभ्या राहिल्या होत्या. एस्किव्हेलची पितळी वाद्ये, त्याचे स्वरमेळ आणि त्याची लय या घराण्यातून येतात. फक्त त्याने व्यक्तीच्या लहरीऐवजी वाद्यवृंदाच्या जागेचा विचार केला.

इनॉक लाइट यांच्याशी केलेली तुलना उपयोगी आहे, कारण फरक तिथेच दिसतो. ‘पर्सुएसिव्ह पर्कशन’मध्ये आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो, पण तो गेल्याने चालीचे काही बदलत नाही. तो न जाता तर संगीताचे काही अडले नसते. एस्किव्हेलच्या तबकडीत डावीकडचा गायकवृंद उजवीकडच्या ट्रम्पेटला तोडतो, त्यामुळे वाक्याचा अर्थ बदलतो. लाइट यांच्याबद्दल मला आदर आहे. आतली लांबलचक टिपणे मावावीत म्हणून पुस्तकासारखे उघडणारे वेष्टन त्यांनी रूढ केले आणि मुखपृष्ठाला योझेफ अल्बर्स यांच्यासारखा चित्रकार आणला. पण त्यांचे ध्येय निराळे होते.

स्वयंपाकघरात ऐकण्याबद्दल एवढीच विनंती आहे की, एकदा हातातले काम बाजूला ठेवून, दोन स्पीकरांच्या समोर बसून ऐकावे. किंचाळणे कळायचे तर त्याआधीची कुजबुज कानावर पडायला हवी आणि ती भांड्यांच्या आवाजात हमखास बुडते.


सुईवाला

खाचेच्या दोन भिंतींचा उल्लेख धाग्याच्या शीर्षकात आहे आणि लेखात त्यांचा पत्ताच नाही, म्हणून थोडी भर घालतो. माझा व्यवसाय जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करण्याचा आहे, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर असते.

मोनो, म्हणजे डावे-उजवे वेगळे न करता एकच आवाज असलेल्या, तबकडीच्या खाचेत सुई फक्त आडवी, डावी-उजवी हलते. स्टिरिओ तबकडीत खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते आणि तिच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात, म्हणजे तबकडीच्या पृष्ठभागाशी प्रत्येकी ४५ अंशांत कललेल्या असतात. आतल्या, म्हणजे तबकडीच्या मध्याकडच्या भिंतीवर डावा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा आवाज कोरलेला असतो. सुई एकच असते, पण ती दोन्ही भिंतींचे चढउतार एकाच वेळी वाचते. दोन्ही बाजूंना सारखाच आवाज असेल तेव्हा ती आडवी हलते. दोन बाजूंच्या आवाजात जितका फरक असेल, तितकी ती वर-खाली हलते. या पद्धतीचा पाया इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ सालच्या पेटंटमध्ये घातला होता, पण अमेरिकेत वेस्ट्रेक्स कंपनीने १९५७ साली ती प्रत्यक्ष करून दाखवली आणि १९५८ साली सगळ्या मोठ्या कंपन्यांनी ती स्वीकारली.

याचा या तबकडीशी संबंध असा. डावी आणि उजवी बाजू पूर्णपणे वेगळ्या ठेवल्या आणि वर अचानक स्फोट लिहिले की, सुईला क्षणात मोठी उभी उडी घ्यावी लागते. हलक्या प्रतीच्या किंवा झिजलेल्या सुया अशा जागी चरचरतात, कधी खाच सोडून बाहेरही पडतात. म्हणून माझ्याकडे कोणी या काळातल्या तबकड्या घेऊन आले, तर मी त्यांना आधी सुई भिंगाखाली पाहू देतो. टोक एका बाजूने घासलेले असेल, तर एक भिंत नीट वाचली जाते आणि दुसरी खरवडली जाते. धागाकर्त्यांच्या हेडफोनने जे केले, तेच झिजलेली सुई तबकडीला कायमचे करते.

या तबकडीला पहिल्याच ग्रॅमी पुरस्कारांच्या वेळी ध्वनिमुद्रणासाठी नामांकन मिळाले होते, हेही नोंदवतो. त्या वर्षी तो पुरस्कार ‘चिपमंक साँग’ला गेला.


दूरस्थ

मी गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियात राहतो. चर्चा १९५८च्या तबकडीची आहे, तरी तिची पुढची पायरी सांगितल्याशिवाय एस्किव्हेलचा विचार पुरा होत नाही, असे मला वाटते. ती पायरी म्हणजे १९६२ सालची ‘लॅटिन-एस्क’.

स्टुडिओत एकाच दालनात सगळा वाद्यवृंद बसला की, डाव्या बाजूच्या ट्रम्पेटचा आवाज उजव्या बाजूच्या मायक्रोफोनमध्येही थोडासा पाझरतो. कितीही पडदे लावले तरी हा पाझर पूर्ण थांबत नाही. एस्किव्हेलला तो अजिबात नको होता. म्हणून ‘लॅटिन-एस्क’साठी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंदाचे दोन भाग केले गेले आणि ते दोन वेगवेगळ्या, एकमेकांपासून चांगल्याच अंतरावर असलेल्या स्टुडिओंत बसवले गेले. एका भागाचे संचालन स्वतः एस्किव्हेल करत होता, दुसऱ्याचे स्टॅन्ली विल्सन. दोघांना आणि वादकांना एकमेकांचे फक्त हेडफोनमधून ऐकू येत होते. क्षणभर कल्पना करून पाहा. समोरच्या ट्रॉम्बोनवाल्याने श्वास घेतलेला दिसत नाही, संचालकाचा हात अर्ध्याच मंडळींना दिसतो आणि तरीही एका मात्रेच्या फटीत दुसऱ्या इमारतीतून येणाऱ्या स्वराला जाब द्यायचा आहे. पुढेमागे घेऊन जुळवायची सोय आजच्यासारखी हाताशी नव्हती. ते वादक किती तयारीचे असतील, याचा अंदाज यावरून यावा.

या वादकांची नावे त्या काळच्या शहरी अमेरिकेला ठाऊक होती. स्टील गिटारवर अल्व्हिनो रे असत आणि एस्किव्हेलच्या आरसीएच्या काळातल्या तबकड्यांवर गाणारा रँडी व्हॅन हॉर्न यांचा गायकवृंद म्हणजे ‘फ्लिंटस्टोन्स’ आणि ‘जेटसन्स’ या चित्रमालिकांची शीर्षकगीते गाणारी मंडळी. ज्यांचे बालपण दूरचित्रवाणीवर या मालिका पाहण्यात गेले, त्यांच्या कानांवर हे गळे आधीच पडून गेलेले आहेत.


कोकणकडा

अंतराळाच्या संदर्भात एक गोष्ट राहून जाते आहे. अवकाशाची चाहूल देणारे संगीत स्पुटनिकच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. १९४७ साली कॅपिटॉल कंपनीने ‘म्युझिक आउट ऑफ द मून’ हा संच काढला. संगीत हॅरी रेव्हेल यांचे, वाद्यवृंद लेस बॅक्स्टर यांचा आणि थेरेमिनवर सॅम्युएल हॉफमन. थेरेमिन हे हात न लावता वाजवायचे वाद्य. एका उभ्या दांड्याजवळ हात नेला की स्वर चढतो आणि आडव्या कडीजवळ दुसरा हात नेला की आवाज कमी होतो. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, बोटाला टेकायला काहीच नाही, त्यामुळे स्वर जागेवर ठेवणे अतिशय कठीण असते.

जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ चंद्रावरून परतत असताना नील आर्मस्ट्राँग यांनी यानात सोबत नेलेल्या कॅसेटवरून हेच संगीत वाजवले आणि ते ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात ऐकू गेले. त्यांची ही वीसेक वर्षांपूर्वीची आवडती तबकडी होती. हे मी वाचले तेव्हा मला फार भरून आले होते. घरच्या दिवाणखान्यात बसून चंद्राची कल्पना करणाऱ्यांनी बनवलेले संगीत, चंद्रावर पाऊल ठेवून आलेल्या माणसाला परतीच्या वाटेवर ऐकावेसे वाटले.

एस्किव्हेलकडेही अशी वाद्ये आहेत, पण माझ्या कानाला त्याचे अंतराळ त्या वाद्यांत जाणवत नाही. ते दोन आवाजांमधल्या रिकाम्या जागेत जाणवते.


मांडवीतीर

संयोजक की रचनाकार, या प्रश्नावरून लिहावेसे वाटले. माझे आजोबा गोव्याहून मुंबईला आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी आयुष्यभर व्हायोलिन वाजवले. ते सांगत असत की, संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवून जात आणि रात्री कोणीतरी गोंयकार टेबलाशी बसून तीस-चाळीस जणांसाठी पानेच्या पाने लिहून काढी. सकाळी ती पाने स्टँडवर लागत. शंकर-जयकिशन यांच्या कित्येक गाण्यांमागे सेबास्टियन डिसूझा यांची लेखणी होती. तबकडीवर त्यांचे नाव नसे.

योगायोग असा की, ज्या १९५८ साली हॉलिवूडमध्ये एस्किव्हेलच्या नावाने ही तबकडी निघाली, त्याच साली मुंबईत संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. हिंदुस्थानी रागांवर बेतलेल्या रचना त्यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिल्या होत्या आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यांच्यासोबत गायले होते. दोघांमध्ये काही संबंध होता, असे मी मुळीच सुचवत नाही. मात्र संयोजकाने पडद्याआडून पुढे येऊन ‘हे माझे काम आहे’ असे म्हणणे काय असते, ते मला आजोबांमुळे कळते. म्हणून एस्किव्हेलचे एकट्याचे आडनाव वेष्टनावर मोठ्या अक्षरांत पाहिले की, मला ते मनापासून आवडते.


शांतश्रोता

सुईवाला आणि मांडवीतीर यांच्या प्रतिसादांतून बरेच शिकायला मिळाले. सांगितल्याप्रमाणे रविवारी दुपारी दिवाणखान्यात दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर खुर्ची ठेवून पूर्ण तबकडी ऐकली. त्यावर लिहिण्याआधी एक प्रश्न विचारतो, कारण धागाकर्त्यांच्या संपूर्ण युक्तिवादाला तो लागू होतो.

१९५८ साली स्टिरिओ संच किती घरांत असणार? ही तबकडी मोनो आवृत्तीतही निघाली होती आणि त्या काळच्या पुष्कळ ग्राहकांनी तीच ऐकली असणार. जागा हा जर रचनेचा गाभा असेल, तर त्या सगळ्यांनी गाभा नसलेली तबकडी विकत घेतली, असे म्हणावे लागेल. आणि त्यांना ती आवडली असेल, तर मग गाभा दुसराच काहीतरी असला पाहिजे.


तबकडीप्रेमी

हा या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्यावर मी दोन दिवस विचार केला. मोनो आवृत्ती मिळवून हेडफोनवर ऐकलीही.

माझे निरीक्षण असे की, मोनोमध्ये संवाद नाहीसा होत नाही. पियानो आणि ट्रम्पेट एकाच बिंदूतून आले, तरी त्यांचे पोत इतके भिन्न ठेवलेले आहेत की, कोण बोलते आहे हे कळते. डावे-उजवे जाते, पण जवळ-दूर शिल्लक राहते, कारण ते आवाजाच्या लहानमोठेपणातून आणि मायक्रोफोनपासूनच्या अंतरातून आलेले असते. आकाशवाणीच्या एकाच स्पीकरसाठी वर्षानुवर्षे लिहिलेला माणूस हे विसरणार नाही. तेव्हा ‘जागा हा गाभा’ हे माझे विधान मी दुरुस्त करतो. गाभा हा संवाद आहे. मोनोमध्ये तो एका खोलीत होतो, स्टिरिओमध्ये बोलणाऱ्यांना आपापली जागा मिळते. माझ्या हेडफोनच्या वेळी जे घडले ते या दोन्हींहून वाईट होते. तिथे एक बोलणाराच गप्प केला गेला होता.

आपले हे म्हणणे मला मूळ लेखाआधी सुचले असते, तर लेख अधिक नेमका झाला असता. मनःपूर्वक आभार.


स्वरलेखा

एस्किव्हेलचे पुढे काय झाले, हे धाग्यात आलेले नाही. त्याने लास व्हेगासच्या स्टारडस्ट हॉटेलमध्ये अनेक वर्षे कार्यक्रम केले, मग तो मेक्सिकोला परतला आणि तिथे ‘बुर्बुहास’ या लहान मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेला त्याने संगीत दिले. शेवटची वर्षे दुखापतीमुळे त्याने अंथरुणावर काढली. ३ जानेवारी २००२ रोजी तो गेला. क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीने त्याची ‘मिनी स्कर्ट’ ही रचना आपल्या ‘नुएव्हो’ या संग्रहात घेतली, तीही त्याच वर्षी बाहेर आली. मुलांच्या मालिकेची गोष्ट वाचून मला आनंद झाला. निरर्थक अक्षरांवर इतके प्रेम असलेल्या संगीतकाराला मुलांइतके चांगले श्रोते कोठून मिळणार?


शांतश्रोता

आता रविवारच्या ऐकण्याविषयी. गायकवृंदाची ‘झू-झू’ मला अजूनही आवडत नाही आणि ती आवडेल असे वाटत नाही. जॅझविषयीचे माझे मतही कायम आहे.

पण ‘नेचर बॉय’ मी नंतर तीन वेळा लावले. ते गाणे माझ्या वडिलांना फार प्रिय होते, त्यामुळे चाल मला झोपेतही आठवते. खुर्चीत डोळे मिटून ऐकताना एके ठिकाणी ओळ तुटली आणि पुढचा स्वर कोठून येणार, याकडे माझे दोन्ही कान लागले. तो स्वर मीच मनात म्हटला होता, हे मला नंतर उमगले. सुईवाला यांना विनंती आहे की, वडिलांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई तपासायला कोठे आणावी, ते व्यक्तिगत निरोपातून कळवावे.